कुंजपुऱ्याचा दसरा

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षानिमित्त डेराबस्सी येथे भरलेल्या माजी विद्यार्थी आणि पालक मेळाव्यातील व्याख्यानाची संहिता)



महाराष्ट्रातून चंदीगडकडे येणाऱ्या आगगाडीने दिल्ली सोडली की दीड-दोन तासांत पानिपत स्थानक येते. डब्यात मराठी कुटुंब असेल, तर त्या क्षणी संभाषण थांबते. कुणी खिडकीशी येते, कुणी मुलाला फलक वाचून दाखवते, एखादी आजी नकळत हात जोडते. गाडी पुढे सरकते आणि थोड्या वेळाने कर्नाल येते. कर्नालला मात्र कुणी खिडकीशी येत नाही. वस्तुतः पानिपतची गोष्ट जिथे फिरली, ते ठिकाण कर्नाल स्थानकापासून ईशान्येला अवघ्या १० किलोमीटरवर आहे. त्या गावाचे नाव कुंजपुरा. डेराबस्सीपासून ते फार तर ११०-१२० किलोमीटर असेल. नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ते शेजारचेच गाव म्हणायला हवे.

कुंजपुरा हे यमुनेच्या काठचे, तटबंदी असलेले आणि सीमेवरचे गाव होते. या तीन विशेषणांपैकी मराठी स्मरणात तटबंदी तेवढी राहिली. नदी आणि सीमा यांचा विसर पडला. त्या विसराची कथा हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

नदी, उतार आणि सीमा

झिरकपूरहून डेराबस्सीला येताना घग्गर नदीवरचा पूल ओलांडावा लागतो. उन्हाळ्यात त्या पुलाखाली वाळूचा रुंद पट्टा दिसतो आणि पाण्याची एखादी क्षीण धार. आषाढ-श्रावणात हीच नदी दोन्ही काठ भरून वाहते. उत्तरेतील नद्यांचा हा स्वभाव लक्षात घेतला, तर पूल नसलेल्या काळातील राजकारण समजणे सोपे जाते. यमुना वर्षातील काही महिने पायी किंवा घोड्यावरून ओलांडता येई आणि काही महिने सैन्यापुढे भिंतीसारखी उभी राही. नदी कुठे पायउतार होते, कुठे नावा लागतात, कोणत्या घाटावर तळ घट्ट आहे आणि कुठे चिखल आहे, हे ज्ञान त्या काळी तोफखान्याइतकेच मोलाचे होते. घाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात वाट, असा तो व्यवहार होता.

कुंजपुरा वसला तो अशाच ठिकाणी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात निजाबतखान नावाच्या पठाण सरदाराने यमुनेच्या पश्चिम काठच्या दलदलीत येथे किल्ला बांधला. 'कुंज' म्हणजे क्रौंच पक्षी. त्यावरून कुंजपुरा म्हणजे क्रौंचांचे वसतिस्थान, असा या नावाचा अर्थ लावला जातो. पाणथळ जागा पक्ष्यांना जशी सोयीची, तशी किल्लेदारालाही. तटाबाहेरचा चिखल हाच तेथे खंदकाचे काम करी. १७३९ मध्ये नादिरशहाने कर्नालजवळ मोगल बादशहाच्या फौजेचा पराभव केला, तेव्हा निजाबतखानाने नादिरशहाशी संधान बांधले आणि आपली जहागीर पक्की करून घेतली. दोन सत्तांच्या सीमेवर राहणाऱ्यास वारा कोणत्या दिशेने वाहतो, याचे भान ठेवावेच लागते.

या गावाचे स्थान नकाशावर पाहण्यासारखे आहे. पश्चिमेला दिल्लीहून कर्नाल, अंबाला, सरहिंद, लाहोर असा काबूलकडे जाणारा राजमार्ग आहे. पूर्वेला यमुना आणि यमुनेपलीकडे अंतर्वेदीचा उत्तर भाग, म्हणजे सहारनपूरचा मुलूख. हा मुलूख नजीबखान रोहिल्याच्या जहागिरीचा होता. नजीबखानास अफगाणिस्तानशी दळणवळण ठेवायचे असेल, तर यमुना ओलांडून याच राजमार्गाला लागावे लागे. अशा मार्गावर, नदीच्या अलीकडच्या काठावर, पठाणांचाच एक बळकट किल्ला असणे हे त्याच्या दृष्टीने केवढे सोयीचे होते, हे सांगायला नको. कुंजपुरा हा पंजाब आणि अंतर्वेद यांच्या सीमेवरचा दरवाजा होता.

सरहिंद ते बुराडी

मराठ्यांचा या दरवाजाशी संबंध येण्याआधी दोन वर्षे एक घटना घडली होती. मार्च १७५८ मध्ये रघुनाथरावांच्या नेतृत्वाखालील मराठी फौजांनी आदिनाबेग आणि शीख सरदार यांच्या साहाय्याने सरहिंद घेतले. सरहिंद म्हणजे डेराबस्सीहून एका सकाळी जाऊन येण्यासारखे ठिकाण. तेथील अब्दालीचा सुभेदार अब्दुस्समदखान मराठ्यांच्या हाती जिवंत सापडला. पुढे एप्रिलमध्ये मराठे लाहोरात शिरले आणि त्यांची ठाणी अटकेपर्यंत जाऊन भिडली. 'अटकेपार झेंडा' हा वाक्प्रचार त्या पराक्रमातून मराठीला मिळाला. मात्र अटकेचा किल्ला हा देखील सिंधू नदीच्या उतारावर अकबराने बांधलेला सीमेचाच किल्ला होता. तो घेणे आणि तो वर्षानुवर्षे राखणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. त्यासाठी लागणारे द्रव्य, कायमची शिबंदी आणि स्थानिकांशी जुळलेले संबंध मागे उभे राहिले नाहीत. १७५९ च्या अखेरीस अब्दाली पुन्हा आला आणि पंजाब हातचा गेला.

त्यानंतरचा प्रसंग महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. १० जानेवारी १७६०, संक्रांतीचे दिवस. दिल्लीच्या उत्तरेस यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. त्यांचा शिरच्छेद नजीबखानाचा गुरू कुत्बशहा याने केला. दत्ताजींचे अखेरचे उद्गार मराठी घराघरांत सांगितले जातात. परंतु त्या दिवशी नेमके काय घडले, हे क्वचितच सांगितले जाते. हिवाळ्यात यमुनेचे पाणी ओसरले होते. नदीच्या पात्रातील बेटे आणि झाऊ-शेरणीची झुडपे यांचा आडोसा घेऊन शत्रू अलीकडे उतरला. घाटांवर मराठ्यांच्या चौक्या होत्या. परंतु नदी एकाच वेळी अनेक ठिकाणी उतार देत असल्याने त्या अपुऱ्या ठरल्या. दत्ताजींच्या शौर्यात कणभर उणीव नव्हती. उणीव राहिली ती घाटाच्या बंदोबस्तात. हा धडा यमुनेने जानेवारीत दिला होता. ऑक्टोबरात तिने तो पुन्हा विचारला.

दिल्लीतील उपवास

फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे निजामावर विजय मिळवलेले सदाशिवरावभाऊ मार्चमध्ये उत्तरेकडे निघाले. भाऊसाहेबांचे वय त्या वेळी तीस वर्षांचे, तर पेशव्यांचे ज्येष्ठ चिरंजीव विश्वासराव अठराच्या घरातले. पुढे नाना फडणवीस म्हणून विख्यात झालेला तरुणही तेवढाच होता आणि तो या मोहिमेत होता. सैन्याबरोबर यात्रेकरू, स्त्रिया आणि मुले यांचा मोठा परिवार चालला होता. ऑगस्टच्या आरंभी मराठ्यांनी दिल्ली घेतली. परंतु दिल्ली हाती आली म्हणून पोट भरले नाही. अनेक स्वाऱ्यांनी ते शहर आधीच धुऊन निघाले होते. सूरजमल जाट छावणी सोडून गेले. फौजेचा पगार भागवण्यासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडण्याची वेळ आली. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले. लाखावर तोंडांच्या त्या लवाजम्याला ते किती दिवस पुरणार?

अब्दाली त्या वेळी यमुनेच्या पूर्व काठावर, दिल्लीसमोरच होता. मधे पावसाळ्याने तुडुंब भरलेली नदी. दोन्ही सैन्ये एकमेकांना पाहत होती आणि दोघांनाही पलीकडे जाता येत नव्हते. अशा स्थितीत कुंजपुऱ्याकडे भाऊसाहेबांचे लक्ष गेले. तेथे अब्दालीच्या फौजेसाठी मोठा धान्यसाठा केलेला होता. सरहिंदचा अब्दुस्समदखान तेथे येऊन थांबला होता. दत्ताजींचा मारेकरी कुत्बशहाही तेथेच होता. नदी उतरताच ही कुमक आणि रसद अब्दालीला मिळणार होती. कुंजपुरा घेतला तर स्वतःच्या फौजेची अन्नाची निकड भागणार होती, शत्रूची रसद तुटणार होती, त्याचा काबूलकडचा मार्ग अडणार होता आणि बुराडीचा सूडही उगवला जाणार होता. एका किल्ल्यात इतक्या गोष्टी साधणार असतील, तर कोणताही सेनापती तिकडे वळेल. भाऊसाहेबांचा हा निर्णय अविचाराचा नव्हता, हे येथे स्पष्टपणे नमूद करायला हवे.

दिल्लीच्या रक्षणासाठी नारोशंकरांना ठेवून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाऊसाहेब निघाले. नाशिकच्या पंचवटीत ज्यांच्या नावाचे मंदिर आणि घंटा आजही प्रसिद्ध आहे, तेच हे नारोशंकर राजेबहाद्दर. फौज यमुनेच्या पश्चिम काठाने उत्तरेकडे चालली.

१७ ऑक्टोबर

कुंजपुऱ्याचा किल्ला पडला तो १७ ऑक्टोबर १७६० या दिवशी. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि त्यातून मराठी स्वार आत घुसले. पठाण निकराने लढले. अब्दुस्समदखान लढाईत मारला गेला. दोन वर्षांपूर्वी सरहिंदला ज्याला मराठ्यांनी जीवदान दिले होते, त्याच्या आयुष्याचा शेवट येथे झाला. किल्ल्याचा धनी निजाबतखान जखमी अवस्थेत हाती लागला आणि त्या जखमांनीच मरण पावला. कुत्बशहा जिवंत सापडला. त्याचा शिरच्छेद करण्यात आला. धान्य, घोडे, उंट, तोफा आणि द्रव्य विपुल मिळाले. कित्येक आठवड्यांनी मराठी छावणीत पोटभर जेवण झाले.

पलीकडच्या काठावरील अब्दालीला ही वार्ता कळली, तेव्हा तो संतापाने आणि असहायतेने जळत राहिला. नदीला उतार नसल्याने त्याला आपल्या माणसांच्या मदतीला जाता आले नव्हते. त्या दिवशी यमुना मराठ्यांच्या बाजूने उभी होती.

दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला विजयादशमी होती. मराठी माणसाच्या वर्षातला तो सीमोल्लंघनाचा दिवस. आपल्या मुलखापासून शेकडो कोस दूर, नुकत्याच जिंकलेल्या किल्ल्याच्या परिसरात, भाऊसाहेबांनी तो थाटाने साजरा केला. शस्त्रपूजा झाली, दरबार भरला, मानपान झाले. दत्ताजींच्या मृत्यूचे शल्य उरात घेऊन आलेल्या तरुण जनकोजी शिंद्यांना तो दिवस कसा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. सोने म्हणून आपट्याची पाने त्या प्रदेशात कुणी कुठून आणली असतील, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. इतिहासात त्याचे उत्तर नाही, परंतु प्रश्न मात्र रास्त आहे. सण साजरा करण्यात वावगे काहीच नव्हते. इतक्या हालअपेष्टांनंतर फौजेला त्या आनंदाची गरज होती.

बागपतचा घाट

दसऱ्यानंतर भाऊसाहेबांनी दक्षिणेकडे तोंड न वळवता उत्तरेची वाट धरली. कुरुक्षेत्र तेथून जवळ होते. बरोबरच्या यात्रेकरूंना आणि स्वतः सेनापतींनाही त्या पुण्यक्षेत्री स्नान घडावे असे वाटत होते. फौज तरावडीपर्यंत गेली. हे तरावडी म्हणजे जुने तराइन. पृथ्वीराज चौहान आणि महंमद घोरी यांच्या ११९१ आणि ११९२ मधील लढाया याच भूमीवर झाल्या. पहिल्या लढाईत विजय मिळवणारा पृथ्वीराज दुसऱ्या लढाईत पराभूत झाला, हे त्या मैदानाचे जुने स्मरण होते.

इकडे ऑक्टोबर संपत आला होता. पाऊस थांबून महिना होत होता आणि नदीचे पाणी दिवसेंदिवस उतरत होते. अब्दाली कुंजपुऱ्याच्या बाजूला आलाच नाही. त्याने दिल्लीच्या उत्तरेस बागपतजवळ उतार शोधला. नदीपुढे त्याने उपवास केला आणि मंत्रित बाण पात्रात सोडला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतला भाग सोडला तरी एवढे निश्चित, की तो आणि त्याची माणसे कित्येक दिवस केवळ नदीकडे लक्ष लावून बसली होती. २५ आणि २६ ऑक्टोबरला त्याचे सैन्य बागपतला नदी उतरले. उतरताना पुष्कळ माणसे वाहून गेली. तरीही त्याला अडवणारी पुरेशी मराठी फौज त्या काठावर नव्हती.

बागपत आणि कुंजपुरा यांच्यात सुमारे ८०-९० किलोमीटरचे अंतर आहे. हे अंतर त्या दोन दिवसांत मराठी राज्याच्या दृष्टीने अमर्याद ठरले. आता अब्दाली भाऊसाहेब आणि दिल्ली यांच्या मध्ये उभा होता. दक्षिणेकडून येणारे द्रव्य, रसद आणि पत्रे यांची वाट त्याने तोडली. मराठे अब्दालीच्या काबूलच्या वाटेवर होते आणि अब्दाली मराठ्यांच्या पुण्याच्या वाटेवर. मात्र अब्दालीला यमुनेपलीकडून नजीबखानाचा मुलूख धान्य पुरवू शकत होता. मराठ्यांना त्या प्रदेशात असा आधार कुणाचाही नव्हता. वार्ता कळताच भाऊसाहेब माघारी वळले. ऑक्टोबरअखेर फौज पानिपतला पोहोचली आणि तेथेच खंदक खणून राहिली. नोव्हेंबर आणि डिसेंबर उपासमारीत गेले. अंतर्वेदीतून रसद पाठवू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. कुंजपुऱ्याचे धान्य केव्हाच संपले होते. १४ जानेवारी १७६१ ला जे घडले, ते पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही.

दोष कुणाचा?

पानिपतचा विषय निघाला की दोष कुणाचा, हा वाद सुरू होतो. कुणी भाऊसाहेबांना हेकट म्हणते, कुणी होळकरांकडे बोट दाखवते, कुणी बरोबरच्या यात्रेकरूंना जबाबदार धरते. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ मध्ये इंग्रजीत आणि १९६१ मध्ये मराठीत पानिपतवर ग्रंथ लिहून या वादाला अभ्यासाची शिस्त लावली. ज्या भूमीवर इतिहास घडला, ती भूमी पाहिल्याशिवाय लिहू नये, असा त्यांचा आग्रह होता. भूमी पाहिल्यावर काही गोष्टी आपोआप उलगडतात.

कुंजपुऱ्याला उभे राहून पाहिले, तर लक्षात येते की त्या किल्ल्याचे महत्त्व त्याच्या भिंतींत नव्हते. तो ज्या नदीवर आणि ज्या वाटेवर उभा होता, त्यांच्यामुळे त्याला मोल होते. मराठ्यांनी किल्ला जिंकला. परंतु ज्या कारणाने तो किल्ला तेथे बांधला गेला होता, त्या कारणाकडे, म्हणजे नदीच्या उतारांकडे, त्या आठवड्यात दुर्लक्ष झाले. आठ दिवसांपूर्वी नदी अब्दालीला अडवत होती, म्हणून ती पुढेही अडवील असे गृहीत धरले गेले. पाणी मात्र रोज ओसरत होते. परिस्थिती आपल्या बाजूची असते, तेव्हाच तिच्यावर बारकाईने लक्ष ठेवावे लागते. दोष एका व्यक्तीच्या माथी मारण्यापेक्षा एवढे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. आणि हे समजून घेतल्याने पानिपतावर पडलेल्यांच्या शौर्याचे मोल उणे होत नाही. उलट त्यांच्या बलिदानाचा अर्थ लावण्याचे आपले कर्तव्य पुरे होते.

त्यानंतरचा कुंजपुरा

पानिपतनंतर कुंजपुरा निजाबतखानाचा मुलगा दलेलखान याच्याकडे परत गेला. पुढे शीख सरदार, महादजी शिंदे, मग इंग्रज असे अनेक सत्ताधीश या पट्ट्यात आले. कुंजपुऱ्याच्या नवाबांचे घराणे छोट्या जहागिरीनिशी टिकून राहिले. १९४७ च्या फाळणीत ते पर्वही संपले. गावातील मुसलमान कुटुंबे पाकिस्तानात गेली आणि पश्चिम पंजाबातून उखडून आलेली हिंदू-शीख कुटुंबे या भागात येऊन वसली. एका सीमेने जे केले, त्याची झळ दुसऱ्या सीमेवरच्या गावाला अशी पोहोचली.

यमुना पूर्वी जेथून वाहत होती, तेथे आज ती नाही. गावाच्या पूर्वेला काही अंतरावर तिचे पात्र आहे. आजही ती सीमाच आहे. पलीकडे उत्तर प्रदेश, अलीकडे हरियाणा. नदी पात्र बदलते आणि काठची शेते कधी या राज्यात, कधी त्या राज्यात पडतात. या कारणाने दोन्ही राज्यांतील शेतकऱ्यांत इतके तंटे झाले, की अखेर १९७९ मध्ये संसदेने कायदा करून नदीऐवजी जमिनीवर आखलेली सीमारेषा ठरवली. तंटे त्यानेही पूर्णपणे थांबले नाहीत. नदीला सीमा म्हणून स्वीकारणाऱ्याने तिच्या स्वभावाची जाण ठेवावी, हे यमुना अजूनही शिकवत आहे.

कर्नाल, पानिपत आणि कुरुक्षेत्र या जिल्ह्यांत रोड समाजाची मोठी वस्ती आहे. पानिपतच्या संहारातून वाचलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, अशी या समाजातील अनेकांची श्रद्धा आहे. दर वर्षी १४ जानेवारीला ते महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांसह पानिपतजवळच्या काला आम येथे जमतात. त्यांची भाषा हरियाणवी आहे. तरीही पुण्या-साताऱ्याचे नाव निघाले की त्यांच्या चेहऱ्यावर जो जिव्हाळा उमटतो, तो येथील मराठी कुटुंबांपैकी अनेकांनी अनुभवला असेल.

कुंजपुऱ्याच्या कथेतील आणखी एक गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत अवश्य नोंदवण्यासारखी आहे. १९६१ मध्ये, म्हणजे पानिपतला बरोबर दोनशे वर्षे झाली त्या वर्षी, भारत सरकारने देशात पहिल्या सैनिकी शाळा सुरू केल्या. त्यांतील पहिली शाळा २३ जूनला साताऱ्यात उघडली आणि जेमतेम महिन्याभराने, २४ जुलैला, दुसरी एक उघडली ती कुंजपुऱ्यात. एके काळी साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाने लढणाऱ्या फौजेने ज्या गावावर तोफा डागल्या, त्या गावातील मुले आणि साताऱ्याची मुले गेली साठाहून अधिक वर्षे एकाच अभ्यासक्रमाची पुस्तके वाचत आहेत, एकाच सैन्यात अधिकारी होण्याचे स्वप्न पाहत आहेत. किल्ल्याच्या गावात शाळा उभी राहिली. कुंजपुऱ्याच्या इतिहासाचा याहून समाधानकारक उत्तरार्ध सुचवता येणार नाही.

शाळेचा दसरा

हीरकमहोत्सव हा कोणत्याही शाळेचा दसरा असतो. साठ वर्षांचे यश समोर मांडले जाते, नावलौकिक मिळवलेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, दिवंगत शिक्षकांचे स्मरण होते. डेराबस्सीसारख्या दूरच्या गावी शाळेचे माजी विद्यार्थी आपल्या मुलाबाळांसह मराठीत गप्पा मारत एकत्र बसतात, हे तर शाळेने अनेक सीमा ओलांडल्याचेच चिन्ह आहे. हा आनंद शाळेने कष्टाने मिळवला आहे आणि तो मनमोकळेपणाने साजरा व्हायलाच हवा.

तथापि दसऱ्यानंतरच्या आठ दिवसांचेही भान असावे. मराठी माध्यमाच्या शाळांचा पूर आज ओसरतो आहे, हे सर्वांना दिसते आहे. गावोगावी पहिलीच्या वर्गातील बाके रिकामी होत आहेत. ज्या पालकांनी स्वतः मराठी शाळेत शिकून मोठी पदे मिळवली, तेच आपल्या मुलांसाठी निराळा विचार करतात. त्यांच्या निर्णयामागे मुलांच्या भविष्याची काळजी आहे; त्यांना दूषणे देऊन काही साधणार नाही. पण इतकी वर्षे मुले आपोआप येत होती, म्हणून ती पुढेही येत राहतील, असे गृहीत धरून शाळेला बसता येणार नाही. घाटावर कुणीतरी उभे राहायला हवे.

शाळेचे घाट कोणते? पहिला घाट म्हणजे पहिलीच्या वर्गात येणारे मूल आणि त्याला मिळणारा पहिला शिक्षक. दुसरा, मराठी उत्तम शिकवत असतानाच इंग्रजी आणि विज्ञान यांत शाळा कुठेही कमी पडत नाही, हा पालकांचा विश्वास. तिसरा घाट घराघरांत आहे. विशेषतः महाराष्ट्राबाहेरच्या घरांत. चंदीगड-मोहालीत वाढणाऱ्या मुलांना पंजाबी आणि हिंदी अस्खलित येते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना आजीचे पत्र वाचता येते का, पानिपत स्थानकाच्या फलकापाशी आई का गप्प झाली हे त्यांना मराठीत विचारता येते का, एवढेच पाहायचे. हा घाट सांभाळायला मोठी फौज लागत नाही. रोज अर्धा तास पुस्तक घेऊन मुलाजवळ बसणारे एक माणूस पुरते.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला आजवर इमारतीसाठी, संगणकांसाठी आणि ग्रंथालयासाठी मुक्तहस्ते साहाय्य केले आहे. त्यांच्याकडे आता आणखी एक मागणे आहे. पुढच्या सुटीत मुलांना घेऊन कर्नालला उतरावे. कुंजपुऱ्याला जाऊन किल्ल्याचे जे काही शिल्लक आहे ते पाहावे आणि तेथेच न थांबता पूर्वेला नदीपर्यंत जावे. ऑक्टोबरचा शेवट असेल, तर यमुनेचे पाणी उतरत असलेले दिसेल. तिच्या काठावर उभे राहून मुलांना १७ ऑक्टोबरची गोष्ट सांगावी आणि ती सांगून झाल्यावर २५ ऑक्टोबरचीही सांगावी.

शाळेच्या पुढील वाटचालीस सर्वांच्या शुभेच्छा आणि जागरूकता लाभो, ही प्रार्थना.